शेवटचा नंबर

९ मार्च, रविवार

आज चर्चमध्ये पाळकसाहेब राजकुमार यांनी अगदी माझ्यासाठीच बोलल्यासारखा उपदेश केला. म्हणाले, ईस्टरपूर्वीच्या या उपवासकाळात नुसतं पोट रिकामं ठेवून काय उपयोग? या गावात आपली इनमिन सात घरं. लोक आपल्या प्रार्थना ऐकायला येत नाहीत, पण आपलं वागणं रोज पाहतात. तेव्हा तोंड बंद ठेवा आणि विश्वास वागण्यातून दिसू द्या. हे म्हणताना त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. वंदनाचं म्हणणं असं की मी पंख्याखाली बसलो होतो आणि ते पंख्याकडे बघत होते.

घरी येताना विचार केला, मी लोकांना दिसतो कुठे? मेहकरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो तेव्हा अख्खा तालुका मला बघायचा, निदान भोंग्यावर ऐकायचा तरी. रिटायर होऊन डोणगावात आलो आणि कंट्रोलर हे नुसतं हाक मारण्यापुरतं उरलं. आमची गल्ली एका जागी गोळा होते ती फक्त मंगळवारी आणि शनिवारी, टँकर येतो तेव्हा. नंबरावरून काय ती भांडणं! आमचा निळा ड्रम नेहमी पहिल्या तिनांत असतो, कारण वंदनाशी भांडायची कोणाची हिंमत नाही.

ठरलं. मंगळवारपासून आपला ड्रम शेवटी.

वंदनाला सांगितलं तेव्हा ती भाकर थापत होती. थापायची थांबली. "नीरजा येऊन राह्यली पंचवीस तारखेले. पहिलं बाळंतपण हाय तिचं. ओल्या बाळंतिणीले बिनपाण्याचं ठेवता का? मी आताच सांगून ठेवते, घरात पाणी नसलं तं मी तिले घेऊन लोणारले दादाकडं जाईन. त्याच्या अंगणात बोअर हाय."

हे मात्र काळजाला लागलं. आमच्या लेकीचं, नीरजाचं बाळ पहिल्यांदा आमच्याच उंबऱ्यातून आत यावं, एवढी एकच इच्छा मी कधीची धरून बसलो आहे. पाळणा रंगवून तयार आहे. पण देव पाहून घेईल. माझं काम दिसण्याचं.

११ मार्च, मंगळवार

ड्रम शेवटी लावला. अर्धाच भरला, तोही तळातल्या गढूळ पाण्याने. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. समोरच्या बेबीताई तेवढ्या म्हणाल्या, "भाऊ, आज झोपून राह्यले होते का?"

खरं कारण सांगायला जीभ नुसती वळवळत होती. पण तोंड बंद ठेवायचं आहे, म्हणून गोड हसलो. थोड्या वेळाने त्या वंदनाला विचारत होत्या, भाऊंची तब्येत बरी आहे ना.

१५ मार्च, शनिवार

आज उजाडताच ड्रम नेऊन ठेवला, म्हणजे येणारा प्रत्येक जण मला पाहील. यात एक अडचण होती. सगळ्यात आधी ठेवलेला ड्रम पहिला होतो. मग जो कोणी येईल त्याच्यामागे ड्रम उचलून नेत राहिलो.

बेबीताईंचे यजमान पुंजाजी दारात चहा पीत हे बघत होते. पंचायत समितीत हेडक्लार्क होते ते, मोठे शिस्तीचे आणि तत्त्वाचे. त्यांच्या घरात बुद्धमूर्तीपुढचं फूलसुद्धा रेषेत असतं. "काऊन हो कंट्रोलर, ड्रम घेऊन येरझारा काऊन मारून राह्यले?"

मी हसलो.

"डॉक्टरनं सांगतलं का?"

मी पुन्हा हसलो. दुपारपर्यंत गल्लीभर झालं की कंट्रोलरच्या गुडघ्याला ड्रमचा व्यायाम लागला आहे. कोपऱ्यावरच्या उद्धवरावांनी तर मला थांबवून विचारलं की भरलेला घ्यायचा की रिकामा. वागण्यातून दिसणं वाटतं तितकं सोपं नाही.

१८ मार्च, मंगळवार

पुंजाजींनी अखेर ओळखलं! मी ड्रम त्यांच्यामागे ठेवला तसे ते माझ्याकडे रोखून पाहत राहिले.

"आता समजलं मले. तुम्ही आमाले पुढचा नंबर देऊन राह्यले. तुमच्या धर्माचं काही असन हे."

आनंदाने माझ्या अंगावर काटा आला. पण त्यांचं पुढचं वाक्य वेगळंच निघालं. "आमी कोणाचे उपकार घेत नाई, कंट्रोलर. मान ताठ ठेवून जगलो." असं म्हणून त्यांनी आपला ड्रम उचलला आणि माझ्या मागे ठेवला.

आता उपवासकाळात माघार कशी घ्यायची? मी त्यांच्या मागे गेलो. ते माझ्या मागे आले. एक शब्द न बोलता आम्ही दोघं शाळेच्या फाटकापर्यंत पोचलो. तिकडे टँकर रिकामा झाला तेव्हा बेबीताई कमरेवर हात ठेवून गल्लीच्या मध्ये उभ्या होत्या आणि आमच्या दोघांच्याही खानदानाचा उद्धार करत होत्या.

रिकामा ड्रम घरी न्यायला फार हलका असतो. वंदना मात्र काही हलकं घेण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

२२ मार्च, शनिवार

आज उद्धवराव स्पर्धेत उतरले. स्पर्धा हा शब्द चुकला, साक्षीत, म्हणजे विश्वास वागण्यातून दाखवण्यात, उतरले म्हणू. ते बँकेत होते, आता पूजा सांगतात. मला म्हणाले, "शांतवनराव, तुमची ही नम्रता महिनाभराची. आमच्या घराण्यात ती तीन पिढ्या चालत आलेली आहे. आमच्या आजोबांएवढा नम्र माणूस जिल्ह्यात नव्हता." आणि आपलं स्टीलचं पिंप पुंजाजींच्या मागे घेऊन गेले.

मग बाकीचेही लाजले. सगळ्यांना शेवटीच जायचं. रांग पाठमोरी पळायला लागली.

टँकरवाला गजेंद्र केबिनमधून उतरला. हातात नळी. "पयला नंबर कोणाचा हाय?"

सगळे आणखी एकेक पाऊल मागे सरकले. बेबीताईंची कळशी तेवढी पुढे राहून गेली होती. कोणीतरी तिकडे बोट दाखवलं.

"पयली? मले पयली म्हणतं?" बेबीताई कडाडल्या. "पयली असन तुही माय!"

गजेंद्रने जरा वाट पाहिली, डोकं खाजवलं आणि टँकर पलीकडच्या गल्लीत नेला.

मी लगेच पाळकसाहेबांना फोन लावला. सांगितलं की आमच्या गल्लीत आता कोणीच पहिला व्हायला तयार नाही. ते फोनवरच प्रार्थना करायला लागले. पाणी मिळालं नाही, हे सांगायचं राहून गेलं.

२५ मार्च, मंगळवार

नीरजा आली. किती सुकली आहे पोर! नुसतं पोट तेवढं दिसतं. एसटीतून उतरून घरी येईपर्यंत घामाने भिजली होती. "पप्पा, तोंड धुवायला पाणी द्या ना," म्हणाली. मी लोटा दिला. तिने अजून मागितलं. मी म्हटलं, हळूहळू धू.

वंदना काहीच बोलली नाही. ती बोलते तेव्हा मला भीती नसते. संध्याकाळी तिने नीरजाची बॅग दाराशीच ठेवली आणि म्हणाली, "ही बॅग मी उघडत नाई. शनवारपर्यंत मागच्या अंगणातला ड्रम भरला तं ठीक, नाई तं आमी दोघी लोणारच्या गाडीत. त्या गाडीची घोषणा तुम्हीच करा."

रात्री पाळण्याला उगाच एक झोका दिला. रिकामा पाळणा फार करकरतो.

२९ मार्च, शनिवार

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरात लिहावा असा आहे.

भांडण मिटवायला काल आम्हा पुरुषांची बैठक झाली. प्रश्न एकच, शेवटचा कोण? तेव्हा मला सुचलं. रांग गोल करायची! लिंबाच्या झाडाभोवती सगळ्यांनी ड्रम गोलात मांडायचे. मग पहिला कोणी नाही आणि शेवटचे सगळेच. पुंजाजींनी जमिनीवर काडीने गोल काढून तपासला आणि मान्य केलं. "यात कोणाचा उपकार नाई," म्हणाले. उद्धवरावांनी गोलाला प्रदक्षिणा घातली.

आयुष्यभर मेहकरच्या स्टँडवर सरळ रांग लावायला घसा फोडला, एकदाही लागली नाही. गोल रांग पहिल्याच दिवशी लागली!

टँकर जरा उशिराच आला. गजेंद्र नळी घेऊन गोलाभोवती दोनदा फिरला. "सुरू कोठून करू?" त्याने विचारलं. आम्ही एकमेकांकडे बोट दाखवलं. तो गालात हसत होता. टँकरही नेहमीपेक्षा हलका वाटला, खड्ड्यातून उड्या मारत गेला. पाणी कोणालाच मिळालं नाही, पण भांडण झालं नाही.

पुढचं खरं नवल. मान खाली घालून घरी आलो, तर मागच्या अंगणातला ड्रम काठोकाठ भरलेला! वंदना शांतपणे नीरजाची बॅग उघडत होती.

"हे कोणी भरलं?" मी विचारलं.

"देवाले विचारा," ती म्हणाली.

मी तिथेच गुडघे टेकले.

५ एप्रिल, शनिवार

ड्रम रिकामा होतच नाही. नीरजा दोन वेळा अंघोळ करते, कपडे धुतले जातात आणि दर तीन-चार दिवसांनी पाहावं तर पाणी पुन्हा वर. मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो गर्व होईल.

मात्र एका गोष्टीचं वाईट वाटतं. गल्लीतल्या बायका आता गोल रांगेकडे फिरकतच नाहीत. मंगळवारी आणि शनिवारी आम्ही ड्रम मांडायला लागलो की वंदना, बेबीताई आणि उद्धवरावांच्या स्नेहलतावहिनी जिनिंग फॅक्टरीच्या वळणापर्यंत चालायला जातात. गुडघ्यांसाठी, म्हणे. हंडे आणि कळशा घेऊन चालायला कशाला जाता, असं विचारलं तर वंदना म्हणाली, "रिकाम्या हातानं चाललं तं लोक नावं ठेवतात." येते तेव्हा लुगड्याचा काठ ओलाचिंब असतो. या वयात घाम फार येतो तिला. तिलाही जरा साक्षीचं महत्त्व कळायला हवं होतं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

शेवटी राहवलं नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का? मी उभा राहिलो आणि न आटणाऱ्या ड्रमची सगळी हकिकत सांगितली. माझा आवाज अजूनही दणदणीत आहे. मंडळीत कोणी हललं नाही. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. बायकांच्या बाजूला वंदना पदरात तोंड खुपसून गदगदा हलत होती. इतकी भारावलेली मी तिला लग्नातही पाहिली नव्हती.

१५ एप्रिल, मंगळवार

साक्ष गावभर झाली. काल जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधलेले पुंजाजी मला पाहून थांबले आणि रोखून बघून पुढे गेले. आज सकाळीच प्लास्टिकची खुर्ची घेऊन आमच्या मागच्या अंगणात आले.

"आपआप भरते म्हणता? मी इथं बसतो. माह्यासमोर भरू द्या."

मी म्हटलं, अवश्य. विश्वासाला तपासणीची काय भीती! वंदनाचा चेहरा मात्र पडला. पुंजाजी दिवसभर ड्रमासमोर बसले. जेवण आमच्याकडेच झालं. बेबीताई दोनदा बोलवायला आल्या. "उठा ना आता! दुसऱ्याच्या ड्रमाले काऊन पहारा देऊन राह्यले?"

"तू जाय. हे तत्त्वाचं काम हाय."

बेबीताईंनी कपाळावर हात मारला. तत्त्वावर इतकं चिडायचं कारण मला कळलं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

पुंजाजी आजही आले. ड्रम निम्म्याच्या खाली गेला. ते म्हणाले, "पाहा कंट्रोलर. पाणी वापरलं का कमी होते." त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता. उलट, कुठेतरी भरावं असंच त्यांनाही वाटत होतं की काय कोण जाणे. जाताना ड्रमाच्या आत वाकून पाहून गेले.

१७ एप्रिल, गुरुवार

ड्रम कोरडा.

आज प्रभुभोजनाच्या आठवणीची उपासना. त्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून दरवर्षी पाळकसाहेब मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचे पाय धुतात. यंदा मी ठरवलं होतं की गल्लीत उघड्यावर, सगळ्यांसमोर शेजाऱ्यांचे पाय धुवायचे. चौरंगसुद्धा बाहेर काढला होता. पाणीच नव्हतं. चौरंगावर मीच बसलो.

दुपारी नीरजाला कळा सुरू झाल्या. पुंजाजी खुर्ची सोडून धावले आणि ऑटो घेऊन आले. मेहकरच्या दवाखान्यापर्यंत ड्रायव्हरशेजारी बसून खड्डा आला की ओरडत होते, "हळू बे, हळू! पोरगी हाय आतमधी!"

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

मुलगी झाली! दोघी सुखरूप. नाक नीरजाचं आहे, ओरडणं माझं.

वंदनाने मला बाजूला घेतलं. "रविवारी सकाळी सोडणार हायेत. घरात थेंब नाई. लेकराले धुवू कशात, बाळंतिणीले न्हाऊ घालू कशानं? मी इथूनच लोणारले नेते. माह्या दादानं गाडी ठरवली."

ती रागावली नव्हती. थकली होती. तिचे हात पाहिले तर तळव्यांना घट्टे पडलेले. कशाचे, हे विचारायचं राहिलं.

घरी एकटाच आलो. पाळणा पाहवेना. म्हणून त्यावर चादर टाकली. मला खूप रडू आलं. विश्वासच दाखवायचा होता ना मला? मग घर का रिकामं होत चाललं आहे?

१९ एप्रिल, शनिवार

टँकर आला तेव्हा सगळे गोलात उभे होते. मीही. बायकांपैकी कोणी चालायला गेलं नव्हतं. वंदना आणि बेबीताई दवाखान्यात होत्या आणि स्नेहलतावहिनी त्यांना डबा द्यायला गेल्या होत्या. गजेंद्र उतरला. टँकर आज जड होता, चाकं दबलेली दिसत होती. त्याने सवयीने गंमत म्हणून विचारलं, "पयला नंबर कोणाचा हाय?"

काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी ड्रम उचलला, उद्धवरावांना कोपराने बाजूला सारलं, गोल तोडला आणि स्टँडवर जशी घोषणा करायचो तसा ओरडलो, "लक्ष द्या, लक्ष द्या! पहिला नंबर माझा! माझी नात घरी यायची आहे! बाजूला व्हा!"

महिनाभराची साक्ष नालीत गेली, मला कळलं. सगळ्यांसमोर, अगदी दिसेल असा, मी पहिला झालो होतो. पण ड्रम खाली ठेवला नाही.

"दुसरा माहा!" पुंजाजी एवढ्या जोरात ओरडले की लिंबावरचे कावळे उडाले.

"तिसरा मी!" उद्धवराव धावले. तीन पिढ्यांची नम्रता त्यांच्या धोतरात अडकत होती.

बघता बघता रांग सरळ झाली. सगळे दात काढून हसत होते, जणू कोणीतरी सगळ्यांना सोडवलं होतं. पुंजाजी माझ्या कानाशी म्हणाले, "कोणीतरी पयला होईन म्हणून मी वाट पाहून राह्यलो होतो, कंट्रोलर. मले लाज वाटे." मग त्यांनी आणि उद्धवरावांनी दोन्ही बाजूंनी धरून माझा भरलेला ड्रम घरात आणला. मी नको म्हटलं नाही.

वंदनाला फोन केला. ड्रम खरंच भरला का, हे तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "दादाले सांगते, गाडी नको म्हणून."

२० एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

ती आली! आमच्याच उंबऱ्यातून. पाळणा करकरला नाही.

बेबीताईंनी पाय लांब करून पिल्लाला पायांवर घेतलं आणि अंघोळ घातली. पिल्लू माझ्यासारखं ओरडत होतं. बेबीताई हात चालवता चालवता नवऱ्यावर करवादत होत्या. "या म्हाताऱ्यानं तीन दिवस खुर्ची टाकली नसती तं ड्रम खाली झालाच नसता. आमी तिघी गजेंद्रले वळणावर थांबवून भरून ठेवत होतो, तं हा तत्त्व घेऊन बसला!"

आणि मग त्यांनी जीभ चावली.

मी बघत राहिलो. टँकर हलका का होता, काठ ओला का होता, हाताला घट्टे कशाचे होते. मी गोलात उभा राहून देवाला नम्रता दाखवत होतो, तेव्हा या बायका डोक्यावर पाणी वाहून माझ्या घरात आणत होत्या. त्यात बेबीताईंचा काय संबंध होता? ना त्यांचा धर्म आमचा, ना आमची लेक त्यांची.

त्यांच्या टाचांच्या भेगांत जिनिंगच्या वळणावरचा काळा चिखल अजून बसलेला होता. पिल्लाला वंदनाने उचलून नेलं तसा मी लोटा घेतला, खाली बसलो आणि त्यांच्या पायांवर पाणी ओतायला लागलो.

"अहो भाऊ! पाणी काऊन सांडून राह्यले!" त्या ओरडल्या. त्यांनी पाय मागे ओढले, झटकन घमेलं ओढून घेतलं आणि मग पाय त्यात ठेवले. "आता टाका. जरासंच टाका."

जरासंच टाकलं. मला धड दिसत नव्हतं. पाळकसाहेब हे दरवर्षी कसं करतात कोण जाणे, पाय धुताना फार वाकावं लागतं.

आतून वंदना आली. पिल्लाला तिने नीरजाजवळ दिलं होतं. ती भिंतीला टेकून चौरंगावर बसली आणि पाय पुढे केले. "झालं असन तं इकडं या. आन स्नेहलतावहिनीले हाक मारा. तिघी होतो आमी."

एका लोट्यात तिघींचं झालं. घमेल्यातलं पाणी मागच्या कण्हेरीला घातलं. दार लोटलेलं होतं, त्यामुळे गल्लीतल्या कोणाला काही दिसलं नाही.